म्हाळसेच्या दारची गौर

वहाळावरून उंबरखोल गावात चढू लागलात, की वाटेच्या दोन्ही कडांना तेरडा दिसेल, फिक्या गुलाबी रंगाचा, दुहेरी पाकळीचा. हा हौसेनं कुणी लावला नाही. एका बाईच्या जळफळाटानं तो पेरला गेला, असं इथली जुनी माणसं सांगतात.

म्हाळसा ही गावातली थोरली सून. तेरड्याची मुळं म्हणजे गौरीची पावलं, म्हणून गौरी आणायच्या दिवशी साऱ्या बायका तिच्याच अंगणातली रोपं मुळासकट न्यायच्या. तो मान तिला जिवापेक्षा प्यारा. मग शेजारच्या घरात धाकटी जाऊ द्वारका नांदायला आली, पदराला माहेरचं बी बांधून. तिच्या अंगणाच्या कडेनं असा दुहेरी तेरडा फुलला, की त्या भाद्रपदात बायका म्हाळसेच्या दारावरून तशाच पुढे गेल्या. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं म्हाळसा स्वतःला समजावत राहिली, पण तिला अन्न गोड लागेना.

आश्विनात गाव भातकापणीला गेलं. म्हाळसा डोकं दुखतं म्हणून घरी राहिली, म्हणे. भर दुपारी तिनं द्वारकेचा तेरडा मुळापासून उपटला, ओच्यात भरला आणि आपल्याच अंगणातून नेऊन वहाळाच्या पाण्यात सोडला. बोंडं पिकली होती, आणि पिकलं बोंड नुसत्या धक्क्यानं फुटून बी उधळतं. पण मत्सरात एवढंसुद्धा तिला सुचलं नाही. संध्याकाळी द्वारका उघड्या अंगणात बसून रडली. म्हाळसेनं गुरांवर आळ घातला.

पुढच्या भाद्रपदात द्वारकेच्या अंगणापासून वहाळापर्यंत तेरडा फुलला, तोच गुलाबी, दुहेरी. सगळ्यात दाट म्हाळसेच्या उंबऱ्याशी. कोण कुठून कुठे गेलं, ते गावाला न सांगता कळलं. गौरी न्यायला निघालेल्या बायका तिच्या उंबऱ्याशी थबकल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हाळसेला झालं. तेवढ्यात द्वारका पुढे आली.

"जाऊबाई, गौर आपल्या पायांनी तुमच्या दारी आलीय. मला न्यायला द्याल?"

"तुझीच आहे गं," म्हाळसा म्हणाली, "मीच उपटली होती." आणि वाकून तिनं पहिलं रोप द्वारकेच्या हाती दिलं.

आजही उंबरखोलात गौरीचा तेरडा कुणी आपल्या अंगणातला घेत नाही. ज्या घराशी वाकडं, त्याच दारी जाऊन मागायचा. एखादीला ते फार जड जातं, ती कुंपणाशीच घुटमळते. मग आतलीच रोप घेऊन बाहेर येते.