शेवंतीवरचा पहारा

नदीच्या वळणावर एक गाव होतं. त्या गावात केरबाशेट नावाचा भांड्यांचा व्यापारी राहायचा. दुकान बाजारात, घर गावाच्या टोकाला आणि घरामागे बाग. बाग काही फार मोठी नव्हती. पण दिवाळी होऊन थंडी पडू लागली, की तिच्या तोडीची बाग पंचक्रोशीत नसे. पिवळी, पांढरी, विटकरी शेवंती वाफ्यांत मावायची नाही. कुंपणाला जांभळी कोरांटी फुलायची. आणि मधोमध देशी बदामाचं झाड. गावातली बाकीची झाडं वर्षभर हिरवीच राहायची. हा बदाम मात्र थंडीत आधी पिवळा, मग शेंदरी आणि शेवटी लालभडक व्हायचा. त्याची भारी मिजास होती.

त्या दिवसांत रोज संध्याकाळी तुळशीराम शिंपी यायचा. शेजारचाच, लहानपणापासूनचा मित्र. दोघं बदामाखालच्या दगडावर बसायचे, भाजलेल्या शेंगा खायचे आणि बाग बघायचे. फार बोलणं नसायचं. निघताना तुळशीराम गळालेलं एखादं लाल पान उचलायचा. "असा रंग कुठल्या गिरणीला जमत नाही बघ," म्हणायचा. घरी जाऊन ते पान शिवणयंत्राच्या वर भिंतीला लावून ठेवायचा.

केरबा मनाने वाईट नव्हता, पण स्वभाव अतिशय संशयी. दुकानात गिऱ्हाइकाने तांब्या वाजवून पाहिला, तरी याला वाटायचं की हा पोचा पाडायलाच आलाय. देवळात गेला तर दर्शन अर्ध्यावर सोडून चपला बघून यायचा. अशा माणसाच्या हाती देवाने इतकी सुंदर बाग का दिली, ते देवच जाणे.

एका वर्षी मार्गशीर्षातल्या गुरुवारी सकाळी तो बागेत गेला आणि जागीच थबकला. सगळ्यात मोठं पिवळं फूल देठासकट गायब! त्याने अख्खी गल्ली डोक्यावर घेतली. मग घरात येऊन देवीपुढे हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, "आई, चोर सापडू दे."

त्याची बायको द्वारका तिथेच पूजा आटपत होती. ती म्हणाली, "अहो, फूल मी खुडलंय. आज महालक्ष्मीचा गुरुवार ना माझा? हे काय, तुमच्यासमोर कलशावर आहे."

केरबाने वाकून फूल पाहिलं. मान हलवली. "हे आपलं नव्हे. आपलं मोठं होतं. तू कुणाला तरी पाठीशी घालतेस."

द्वारकेने कपाळावर हात मारला. 

केरबाच्या डोक्यात मात्र चक्र सुरू झालं. बागेत रोज येतं कोण? तुळशीराम. जाताना हातात काही घेऊन जातं कोण? तुळशीराम. आज जो पान नेतो, तो उद्या फूल कशावरून नेणार नाही? दुसऱ्या दिवसापासून त्याने फाटकाला कुलूप घातलं. तुळशीराम फाटकापर्यंत आला, कुलूप पाहिलं आणि परत गेला. त्याला वाटलं, शेट गावाला गेला असेल. पुढे त्याला कळायचं ते कळलं, आणि फार वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी केरबाने कंबरच कसली. नवरात्राच्या आधीच बागेत खांब पुरून मोठाले दिवे लावले. दिवस मावळला की दिवे लागायचे, ते थेट उजाडेपर्यंत. बागेच्या टोकाला एक खोपी उभारली आणि तिच्यात तो स्वतः राखणीला बसू लागला. मुंगी गेली तरी दिसेल असा लख्ख उजेड. द्वारका म्हणायची, "अहो, त्या उजेडानं माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही." तो म्हणायचा, "चोराचाही लागणार नाही."

दिवाळी झाली. गावभर शेवंती फुलली. शाळेच्या आवारात फुलली, परटाच्या दारात फुलली, तुळशीरामच्या तुटक्या डब्यातसुद्धा फुलली. केरबाच्या वाफ्यांत मात्र नुसती पानं. झाडं हिरवीगार, गुडघ्याच्या वर गेलेली, आणि एका फांदीवर कळी म्हणून नाही.

केरबाचा संशय आता पक्का झाला. कुणीतरी कळ्याच खुडून नेतंय!

अशात एका संध्याकाळी तुळशीराम फाटकाशी येऊन उभा राहिला. हात कुलपावर ठेवून म्हणाला, "केरबा, तालुक्याच्या डॉक्टरांनी डोळे बघितले. दृष्टी झपाट्यानं जातेय म्हणाले. पुढच्या थंडीत दिसेलसं नाही. एकदा बाग बघू दे मला. पान उचलणार नाही, शपथ."

दुसरा कुणी असता तर त्याने तिथल्या तिथे कुलूप काढलं असतं. केरबाच्या मनात आलं, बरोबर याच वर्षी डोळे कसे जातात याचे? डोळे जायचेत की बागेवर आहेत?

"फुलं आली की बघू," तो कोरडेपणाने म्हणाला.

"कधी येतील?"

"ते तुलाच ठाऊक."

तुळशीराम वळला. भिंतीला हात लावत, पाय चाचपत तो घरी गेला. केरबाने तेही पाहिलं आणि त्याला वाटलं, सोंग बरं आणलंय.

मार्गशीर्ष लागला. बदाम लाल होऊ लागला. दरवर्षीच व्हायचा. पण केरबा द्वारकेला म्हणाला, "इतका लाल कधी होता? मुळाशी कुणी काहीतरी ओतलंय." आणि त्याने झाडाभोवतीची माती उकरून उकरून हुंगली. मातीला मातीचाच वास होता. वर पानं पेटल्यासारखी झाली होती, पण हा खाली वाकलेला. एकदाही त्याने मान वर केली नाही.

एका सकाळी द्वारका त्याला चहा द्यायला खोपीकडे गेली आणि सहज खोपीच्या मागे डोकावली. तिने हाकच मारली, "अहो, इकडे या आधी!"

खोपीच्या मागे, भिंतीच्या आडोशाला शेवंतीची थोडी झाडं होती. ती पिवळ्याधमक फुलांनी वाकली होती. केरबा पाहतच राहिला. पहिला विचार आला तो त्याच्या स्वभावाला धरूनच, की चोर इकडे कसा आला नाही? संध्याकाळ झाली, दिवे लागले. तो पुन्हा मागे गेला. खोपीची सावली जिथवर पडत होती, तिथवर फुलं होती. उजेड सुरू झाला की नुसती पानं.

द्वारका त्याच्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, "मला उजेडात झोप येत नाही. शेवंतीला तरी कशी येईल? बिचारी रात्र कधी होते याची वाट बघत बसली असेल. रात्रच झाली नाही, तर फुलणार कधी?"

केरबाला एकदम सगळं उमगलं. चोर कधी नव्हताच. बागेचं नुकसान त्याच्या राखणीनेच केलं होतं. त्याने त्याच संध्याकाळी दिवे काढले.

तेव्हाच तो फाटक उघडून शेजारी गेला असता, तर ही गोष्ट इथेच गोड संपली असती. बदाम अजून लाल होता. खोपीमागची फुलं होती. तुळशीरामला अंधूक का होईना, दिसत होतं. द्वारका म्हणालीसुद्धा, "जा, बोलवा त्यांना." पण केरबाला लाज वाटली. आणि लाजेच्या आडून पुन्हा जुनाच किडा वळवळला. तुळशीराम हसेल का? गावभर सांगत फिरेल का? सगळी बाग फुलू दे, मग ऐटीत बोलावू, असं त्याने ठरवलं.

पौष गेला. बदामाची पानं गळून पडली. माघात शेवंतीला उशिरा का होईना बहर आला, आणि असा आला की वाफे दिसेनात. एका सकाळी केरबाने फाटकाचं कुलूप काढलं आणि तो तुळशीरामच्या दारात गेला.

शिवणयंत्रावर कापड झाकलेलं होतं. वर भिंतीला जुनी, वाळलेली पानं तशीच होती. तुळशीराम आवाजाच्या दिशेने वळला. त्याची नजर केरबाच्या खांद्यावरून पलीकडे गेली.

"केरबा ना? पावलावरनं ओळखलं. ये, बस."

केरबाला रडू फुटलं. त्याने ते लपवलं नाही. "तुळशीराम, मी तुला चोर समजलो," एवढंच तो बोलू शकला.

"ते कळलं होतं मला," तुळशीराम म्हणाला.  मग त्याने हात पुढे केला. "बाग फुलली का? चल, ने मला."

दोघं जुन्या दगडावर बसले. तुळशीरामने वाकून एक फूल चाचपलं, तोडलं नाही. "कसल्या रंगाचं आहे रे हे?"

केरबाने फुलाकडे पाहिलं. या बागेवर त्याने पहाटेपर्यंत डोळे ताणले होते. पण एखादं फूल असं निवांत बघून किती काळ लोटला, ते त्याला आठवेना. तो हळूहळू सांगू लागला. "हे विटकरी आहे. कडेला जरा फिकट होत गेलंय. मधे पिवळं. त्याच्या शेजारी पांढरं आहे, त्यावर दव आहे."

तुळशीराम मान डोलावत ऐकत होता. एकदाही त्याने 'खरं का?' असं विचारलं नाही. केरबा जे सांगेल, ते त्याला दिसत होतं. इतका विश्वास आपल्यावर कुणी टाकावा, याची केरबाला लाज वाटली. तो सांगत राहिला.

तात्पर्य: संशयी माणूस सुखावर पहारा देत बसतो आणि ते सुख भोगायचं राहून जातं; ज्याच्यासोबत ते भोगायचं, त्याला वेळ आहे तोवर हाक मारावी.