झोपेत जागी असणारी ठकूबाई

या माळावर बाभळीसुद्धा उगवल्या नव्हत्या, त्या काळची ही गोष्ट. निंबोडीच्या धनगरवस्तीत ठकू नावाची पोर होती. स्वप्न पडलं की तिला स्वप्नातच कळायचं, आपण झोपलोय. मग ती मनाला येईल तिकडं जायची. घारीसारखी डोंगरावर हिंडायची, वाटलं तर पाऊस पाडायची, असं म्हणतात.

लग्न होऊन ती ऐन भरात आली, तेव्हा दुसऱ्याच्या स्वप्नातही जाऊ लागली. त्या साली वस्तीतल्या गोदीचा धाकटा भाऊ तिच्या डोळ्यांदेखत लांडग्यानं नेला होता. गोदी झोपेच्या नावानंच थरथरायची, वाळून काटकी झाली होती. ठकू तिच्या शेजारी आडवी झाली. स्वप्नात शिरून तिनं लांडग्याचा कान धरला आणि त्याला कोकरासारखं पायाशी बसवलं, असं म्हणतात. गोदी ऊन चढेपर्यंत गाढ झोपली आणि उठल्या उठल्या तिनं भाकरी मागितली.

पण ते बळ टिकलं नाही. लेकरं झाली, झोप तुटक झाली, आणि ठकूबाईला स्वप्नात उडता येईना. पुढं स्वप्न ओळखू यायचं, पण वळवता यायचं नाही. केस पिकले तेव्हा तर जाग आल्यावरच ते स्वप्न होतं हे कळू लागलं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. लोक पोरं घेऊन येत, ती त्यांच्या डोक्यावर हात ठेवी आणि तशीच परत पाठवी.

अशात तिची नात सुंदरा ओढ्याच्या पुरात बुडता बुडता वाचली. तेव्हापासून झोपेत तिचा श्वास कोंडायचा, ओठ निळे पडायचे. ठकूबाई तिला कुशीत घेऊन निजली, पण काही केल्या तिला नातीच्या स्वप्नात जाता आलं नाही. सकाळी तिनं नातीला मांडीवर घेतलं.

"माझ्यानं येववत नाय गं आता."

"मग मला कोन काढनार, आज्जे?"

"तूच. दिसभर मातीला हात लावत जा आन् इचार, जागी हाय का झोपेत? सवय लागली, की तिथंबी इचारशील."

सुंदरा मेंढरांमागं फिरताना विचारत राहिली. म्हातारीही तिच्याबरोबर वाकून मातीला हात लावायची. आणि एका सकाळी पोर हसतच उठली.

"आज्जे, हाताला मातीच लागंना! तवा मला कळलं. मी पान्यावर हुबी ऱ्हायले!"

ठकूबाईला रडू आवरेना. त्यानंतर आलेल्या प्रत्येक पोराला तिनं हेच शिकवलं. ती गेली त्या रात्री वस्तीतलं एकही पोर झोपेत दचकलं नाही, असं म्हणतात.

अजूनही दिवाळी झाली की वस्ती मेंढरं घेऊन लांबच्या मुलखाला निघते. जे पोर पहिल्यांदाच उघड्या रानात झोपणार असतं, त्याला वेशीवर ठकूबाईच्या नावानं उभ्या केलेल्या दगडापाशी नेतात. ते मातीवर हात टेकून मोठ्यानं विचारतं, "जागा हाय का झोपेत?" उत्तर त्याचं त्यानंच ठरवायचं असतं. तोवर मेंढरं थांबून राहतात.