कावळ्याचा सांडगा

“पण माई, तुम्ही हा आकडा भागून तरी पाहिलात का?” त्रिंबकनं तिसऱ्यांदा विचारलं.

“नाही,” येसूमाई म्हणाली. “तरी तो फुटतो.”

त्रिंबकच्या कपाळाची शीर तटतटली. आकडा होता दहा लाख चाळीस हजार तीनशे नव्व्याण्णव. चार वर्षं त्यानं त्याच्यापायी घालवली होती. ज्या ज्या आकड्यानं म्हणून भागलं, दर वेळी काहीतरी उरलंच. एक आणि तो स्वतः, यांखेरीज या आकड्याला भागणारा जन्मलेला नाही, असं तो पंचक्रोशीत सांगून बसला होता. मठाच्या नव्या पाठशाळेच्या दारावर हा अभेद्य आकडा आणि त्याखाली त्रिंबकचं नाव कोरायला पाथरवट छिन्नी घेऊन आलेला. अडलं होतं ते फक्त माईच्या होकारावर. आणि मठाची ही गुरू, शाळेची पायरी न चढलेली, अंगणात सांडगे उलथत बसली होती.

मनातलं ओठावर आलंच. आकड्यांचं शास्त्र वेगळं, सांडगे वेगळे, असं तो बोलून गेला.

“वेगळे का? मग बस. हात लाव.”

उन्हात पसरलेल्या कापडाच्या धडप्यावर दहा ओळी होत्या, ओळीत दहा सांडगे. मठाची रीतच तशी. घालायचे चौरस, आणि उलथायच्या वेळी खालच्या ओळीतला कोपऱ्याचा सांडगा कावळ्याला द्यायचा. माईनं तो उचलून अंगणाच्या दगडी गडग्यावर ठेवला. कावळा टपलेलाच होता.

“झालं,” त्रिंबक हसला. “कावळ्याच्या लाडापायी चांगल्या चौरसाला खिंडार पाडलंत.”

त्या ओळीत नऊ उरले होते. ते माईनं एकेक करून वरच्या नऊ ओळींच्या टोकाला नेऊन लावले.

नऊ ओळी. ओळीत अकरा. कुठं फट नाही.

“आता तुझ्या आकड्यात कावळ्याचा एक परत घाल.”

“दहा लाख चाळीस हजार चारशे,” तो म्हणाला, आणि अडखळला... “एक हजार वीस ओळी. ओळीत एक हजार वीस.”

“मग कावळा येऊन गेला.”

त्रिंबकनं धुळीत बोट टेकलं. एक हजार एकोणीस ओळी, ओळीत एक हजार एकवीस. गुणून पाहिलं. पुसून पुन्हा गुणलं. त्याचाच आकडा, उरलं काहीच नाही.

...

“भागत कुठवर गेला होतास रे?”

“हजारापर्यंत.” त्यानं मान वर केली नाही. “हजार म्हणजे भरलं माप, माई. पुढं कशाला जायचं, असं वाटलं.”

माई इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. त्रिंबक आधी फुगून बसला, मग त्यालाही आवरेना. एकोणीस पावलांवर घर, आणि हा चार वर्षं वेशीत उभा राहून गाव ओसाड आहे म्हणून सांगत होता.

खालून पाथरवटानं हाक दिली. उन्हं चढली, कोरायचं काय ते सांगा.

त्रिंबकचं हसू मावळलं. “आता त्याला काय सांगू, माई?”

गडग्यावरचा कावळा सांडगा चोचीत धरून उडाला. माईनं त्या रिकाम्या दगडाकडे हात केला.

“कावळा काय ठेवून गेला ते नीट बघून ये, आणि तेवढं कोर म्हणावं.”