गुळाचा बांध

हिरेगुंडीच्या तळ्यावर गेलात तर आधी बांधावरच्या मुंग्या बघा. दगडांच्या सांध्यांतून त्यांची रांग बारा महिने चालू असते. गावातलं कुणी त्यांना पायाखाली घेत नाही की हुसकत नाही. देवळापाशी बसणारे भूपालतात्या पाहुण्यांना सांगतात, "आदगोंडाचा गूळ शोधत्यात त्या. शोधू द्या."

आदगोंडा हा इथला गुळव्या, म्हणजे उसाचा रस आटवून गूळ करणारा. पेठेतले व्यापारी ढेप फोडायच्या आधी नुसत्या रंगावरून त्याचं नाव सांगत, म्हणे. माणूस साधा, पण गुळाचा विषय निघाला की राजापेक्षा मिजासखोर.

तेव्हा हे गाव दक्षिणेतल्या एका लहानशा संस्थानात होतं. ओढ्याला बांध घालून तळं करायचं राजेसाहेबांनी मनावर घेतलं. यल्लाप्पा वडार आपली माणसं घेऊन आला, दगड आले, चुन्याच्या भट्ट्या लागल्या. आणि एकोणीसशे बत्तीस साल उजाडलं. मंदी साऱ्या जगात होती म्हणतात, पण हिरेगुंडीला ती गुळावरून कळली. गाडी भरून पेठेत जायची आणि भरलेलीच परत यायची. घराघरांत ढेपा पडून राहिल्या. संस्थानचाही हात आखडला. काम बंद करा असा हुकूम आला आणि बांध अर्ध्यावर थांबला. पावसाळ्यात ओढा तो घेऊन जाणार, हे पोरासोरांनाही दिसत होतं.

यल्लाप्पा मात्र गेला नाही. भाकरी तेवढी द्या, बांध पुरा करतो, म्हणाला. दगड होते, चुना होता. चुना मळायच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाच्या चरात, घालायला गूळ हवा होता. त्याशिवाय चुना दगडाला धरायचा नाही, असं त्याचं म्हणणं. साऱ्या गावानं आदगोंडाकडे पाहिलं, कारण त्यानं दिला तर बाकीचे देणार. आदगोंडा बैठकीतून उठूनच गेला. लेकराबाळांच्या तोंडी जायचा गूळ घाणीच्या चाकाखाली घालायचा, हे त्याच्या जिवाला लागलं.

त्याची लेक पद्मव्वा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एका सकाळी ती घरात दिसेना म्हणून तो शोधत ओढ्यात उतरला. ओढा आटलेला. वाळूतल्या झऱ्यापाशी अवघडलेली लेक बसली होती, वाटीवाटीनं घागर भरत. वाटीभर पाणी साचेपर्यंत थांबायचं, ओतायचं, पुन्हा थांबायचं. बापाला पाहून ती हसली. आदगोंडानं घागर खांद्यावर घेतली. घरी येऊन त्यानं गाडी जुंपली आणि सगळ्या ढेपा बांधावर नेऊन उतरवल्या. मग गावातलं एकही घर मागं राहिलं नाही.

सगळ्या ढेपा म्हणजे एक सोडून. नातवंडाच्या बारशाला वाटायला म्हणून एक ढेप त्यानं कडब्याच्या गंजीत लपवली होती. बांध होत आला, जादा पाणी जायच्या सांडव्याचं तोंड तेवढं राहिलं आणि गूळ संपला. आभाळ भरून येत होतं. यल्लाप्पा घरोघर विचारून आला, कुणाकडे खडाही नव्हता. आदगोंडा मान खाली घालून उभा. गंजीतलं गुपित एकट्या पद्मव्वाला ठाऊक होतं.

"घाला आण्णा," ती म्हणाली. "पोरगं मोठं हुईल तवा पाणी मागंल. गुळाचं काय घिऊन बसलाय?"

ती ढेप त्यानं स्वतः घाणीवर नेली, स्वतः फोडली आणि सगळ्यांदेखत रडला, असं सांगतात. लपवल्याबद्दल मात्र गावानं त्याला जन्मभर चिडवलं.

त्या साली ओढा कधी नव्हे एवढा आला. पण बांधाचा दगड हलला नाही. तळं काठोकाठ भरलं. पद्मव्वाला मुलगी झाली, बारशाला गाव जमलं आणि वाटायला घरात गोडाचा कणही नाही. आदगोंडा कळशी घेऊन खाली मानेनं दारात उभा राहिला आणि एकेकाच्या ओंजळीत तळ्याचं पाणी घालू लागला.

"एवढंच हाय," म्हणाला. "गोड मानून घ्या."

पहिली ओंजळ यल्लाप्पाची होती. तो पाणी प्याला, हात मिशांवरून फिरवला आणि म्हणाला, "गोडच हाय की, गुळव्या." त्याच्यामागून सारं गाव तेच म्हणत गेलं. पाणी खरंच गोड लागलं की माणसांनी मायेनं तसं म्हटलं, हे विचारलं तर भूपालतात्यांना राग येतो.

पुढं मंदी सरली, गुळाला गिऱ्हाईक आलं. ढेपेची कुणी तारीफ केली की आदगोंडा म्हणायचा, चांगला होता तो बांधात गेला.

आजही हिरेगुंडीत बारसं असलं की पेढ्यांच्या आधी तळ्याचं पाणी देतात. घरोघर नळ आले तरी त्या दिवशी कळशी तळ्यावरच जाते. पाणी घालायचा मान बाळाच्या आईच्या वडिलांचा. पाहुणा कितीही मोठा असो, ओंजळ रिकामी करून त्याला "गोड हाय" म्हणावं लागतं. त्याखेरीज पाळण्यातल्या बाळाचं नाव ठेवत नाहीत. आणि तो शब्द येईपर्यंत आजोबा कळशी धरून, आदगोंडासारखे खाली मान घालून उभे राहतात.