टेकलेलं हेड

"पण मास्तर, विश्रांतीने कधी कुणी झिजतं का?"

गिरिजा मणेरीकरच्या आवाजात शंका कमी आणि ठसका जास्त होता. कोल्हापुरात ती मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळायची. घरातला छोटा लिनक्स सर्व्हर तर तिने स्वतः जोडलेला. त्याची हार्ड डिस्क चारच महिन्यांत अडखळू लागली, म्हणून तो घेऊन ती सकाळीच कऱ्हाडला मुल्लाणी मास्तरांकडे आली होती.

मास्तरांनी तीस वर्षं तंत्रनिकेतनात यंत्रं उघडायला शिकवलं होतं. गिरिजा त्यांचीच विद्यार्थिनी.

डिस्कमध्ये तिच्या वडिलांनी आंबोलीच्या जंगलात रेकॉर्ड केलेले बेडकांचे आवाज होते. बारा वर्षांचे. प्रत्येकाच्या सुरुवातीला ते स्वतः जागा आणि तारीख सांगत. गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. त्यांचा आवाज आता फक्त या डिस्कमध्ये होता, आणि दुसरी प्रत काढायची गिरिजाने उद्यावर टाकली होती.

डिस्क सदोषच निघाली असणार, असं तिचं म्हणणं. तिने स्वतः डिस्कची काळजी घेतली होती. आठ सेकंद काम नसलं की चकतीवर तरंगत वाचणारं-लिहिणारं हेड बाजूला जाऊन टेकेल, अशी सेटिंग लावली होती.

मास्तरांचा संशय मात्र या विश्रांतीवरच होता. सर्व्हर सुरू करून त्यांनी तिचा तळवा डिस्कवर ठेवला.

…

टक्.

"टेकलं," गिरिजा म्हणाली.

जेमतेम अर्धं मिनिट गेलं. टक्.

"आता?"

"उठलं. सर्व्हरला नोंदवहीत एक ओळ लिहायची असते…"

आठ सेकंद. पुन्हा टक्.

ती तळवा न काढता तशीच उभी राहिली. मग डाव्या हाताने तिने डिस्कचे आकडे काढले. हेड किती वेळा टेकलं, ते डिस्क स्वतःच मोजून ठेवते. बनवणाऱ्यांनी तीन लाख वेळांची खात्री दिली होती. आकडा होता तीन लाख बारा हजार.

"दिवसातून अडीच हजार वेळा," ती हळूच म्हणाली. "मीच…"

मास्तरांनी नवी डिस्क काढून तिच्या हातात दिली.

तिने टेकण्याची सेटिंग बंद केली आणि प्रत काढायला घेतली. पहिल्या फाइली झरझर आल्या. दुपारपर्यंत पाचशे झाल्या. गिरिजा खुर्चीत बसेना. जेवण निवून गेलं.

तीनच्या सुमारास पडद्यावरचा फाइलींचा आकडा थांबला. डिस्क खरखरू लागली. गिरिजाचा हात बटणाकडे गेला. थोडा वेळ बंद ठेवून गार होऊ द्यावी, असं तिला वाटलं.

मास्तरांनी बटण हाताने झाकलं.

"बंद केलीस तर तिला आणखी एकदा उठावं लागेल."

"आणि नाही उठली तर?"



मास्तरांनी टेबलावरचा पंखा डिस्ककडे वळवला. दोघं पडद्याकडे बघत राहिली. पाच मिनिटं… दहा…

आकडा एकाने पुढे सरकला.

मग दोनने. मग भराभर. साडेपाचला शेवटची फाइल आली. साडेसहाशेपैकी तीन गेल्या होत्या, बाकी सगळ्या सुखरूप होत्या. गिरिजाने एक उघडली.

"आंबोली. ओढ्याकाठी. सतरा जून," वडील म्हणाले, आणि मागे शेकडो बेडूक एकदम ओरडू लागले.

ती रडता रडता हसायला लागली. मास्तरही चष्मा पुसत होते.

मग तिला बोलण्याचा हुरूप आला. आजच तिसरी प्रत काढते, म्हणाली. ती भावाकडे सातारला ठेवते. आणि या नव्या डिस्कच्या बाबतीत चूक होणारच नाही.

"मी एक प्रोग्राम लिहिते, मास्तर. डिस्क नीट विसावली आहे ना, हे तो दर मिनिटाला तिलाच विचारेल."

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"म्हणजे दर मिनिटाला तिला हलवून विचारणार… झोप लागली का?"