केळुसकरिया

“...म्हणजे हा वंश नवा नाही, असं म्हणायचंय का तुम्हांला, सर?”

अनसूयेच्या स्वरात विनय होता. परंतु तो ओठांपुरताच. टेबलावर तिची पेटी होती आणि पेटीत टाचण्यांवर रोवलेले, बारीक लांब सोंडेचे सात भुंगेरे. शेजारी शोधनिबंध. नव्या वंशाला तिने नाव दिले होते ‘केळुसकरिया’; तिला भिंग धरायला शिकवणाऱ्या केळुसकर सरांचे. लिफाफ्यावर तिकिटेसुद्धा लावून झाली होती.

सरांनी भिंग खाली ठेवले.

“हे जिवंत पाहिलेस?”

“मोजले आहेत, सर. सोंड, मिशा, पायांची पेरं...”

“मोजलेस खरे.” सरांनी मागच्या दाराकडे बोट दाखवले. “परसात आंब्याचं खोड पडलंय. त्याच्याजवळ जाऊन बस. चहा तिथेच पाठवतो. भिंग मात्र इथे राहू दे.”

वय झाले की माणसे उगीच अडवणूक करतात, असे मनाशी म्हणत ती गेली.

खोडावर पेटीतल्यांसारखीच एक लांब सोंडेची भुंगेरी होती. सुताराने भोक पाडायला सामता फिरवावा तशी ती सालीत सोंड फिरवीत होती. तिच्या अंगावर सावली धरल्यासारखा दुसरा एक उभा होता. आखूड सोंडेचा, जाड जबड्याचा. त्याला अनसूया ओळखत होती. सरांच्या जुन्या पेटीत तसाच एक, अगदी एकटा, निराळ्या वंशाचा म्हणून चाळीस वर्षे होता.

तिसरा कोणी आला. आखूड सोंडेच्याने त्याला ढकलून खाली पाडले आणि तो पुन्हा जागेवर येऊन उभा राहिला. छिद्र पुरे झाले, तिने वळून त्यात अंडे घातले, तोवर तो हलला नाही.

चहा निवून गेला.

अनसूया परतली ती खाली मान घालून.

“सर, वंश दोन नाहीत. नवराबायको आहेत ती.”

“अस्सं!”

“तुम्हांला ठाऊक होतं?”

“शंका होती. एवढा वेळ उकिडवं बसायला गुडघे ऐकत नाहीत आता.”

तिने लिफाफ्याची तिकिटे नखाने सोडवायला घेतली. एक फाटले.

“मला तुमचं नाव कुठेतरी राहायला हवं होतं, सर...”

सरांनी आपली जुनी पेटी उघडली. अनसूयेच्या सातांतली एक टाचणी चिमट्याने अलगद उचलली. एकट्याच्या शेजारी जागा अंमळ अपुरी होती. त्यांनी बोटाने त्याची टाचणी किंचित बाजूला केली.

“सरक रे बाबा. घरची आली.”