टिचकीची डबी चिकटली चट्ट!

एक होती उंदरी. इवलीशी, करड्या रंगाची. तिचं नाव टिचकी.

एकदा टिचकी निघाली विज्ञानाचं संग्रहालय बघायला. आई निघाली, बाबा निघाले, आजीसुद्धा निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु! दाराखालच्या फटीतून सगळे आत.

टिचकीच्या पाठीवर पत्र्याची डबी. डबीत चुरमुऱ्यांचा लाडू.

आत काय काय होतं! काचेमागे मासे. पिवळे मासे, पट्ट्यांचे मासे. एक आरसा होता. त्यात आजी दिसली हत्तीएवढी!

"का बरं?" टिचकीनं विचारलं.

"आधी लाडू काढ गं बाई," आजी म्हणाली. "पोटात कावळे ओरडतायत."

टिचकीनं डबी काढली. तोच... चट्ट! डबी उडाली. काळ्या काळ्या चुंबकाला जाऊन चिकटली.

टिचकीनं ओढली. आईनं ओढली. बाबांनी ओढली. डबी काही निघेना.

आजी मटकन खाली बसली. आई म्हणाली, "आजी दमली गं. आम्ही जिन्याखाली थांबतो. तू चुंबकाला विचारून बघ."

टिचकी म्हणाली, "चुंबकराव, चुंबकराव, माझी डबी द्या ना."

"नाही देत जा!"

"का बरं?"

"माझ्यात वीज येते. मग मी लोखंड घट्ट धरतो. वीज येते त्या चाकातून. चाक थांबलं, तर देईन."

टिचकी गेली चाकाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. चाक फिरत होतं. गरगर, गरगर.

"चाकदादा, चाकदादा, थांबा ना.
चुंबक डबी देईना,
मला लाडू मिळेना!"

"नाही थांबत जा!"

"का बरं?"

"वरून पाणी पडतं, म्हणून मी फिरतो. पाणी अडलं, तर थांबेन."

टिचकी गेली पाण्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. पाणी पडत होतं. धबधब, धबधब. टिचकीच्या मिशा भिजल्या.

"पाणीदादा, पाणीदादा, अडा ना.
चाक काही थांबेना,
चुंबक डबी देईना,
मला लाडू मिळेना!"

"नाही अडत जा!"

"का बरं?"

"माझी तोटी आहे ऑक्टोपसच्या टाकीत. त्यानं फिरवली, तर अडेन."

टिचकी गेली ऑक्टोपसकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. टाकी मोठी. पाणी निळं. ऑक्टोपस कुठे? दगडामागे! नुसता एक डोळा दिसत होता.

"ऑक्टोपसकाका, ऑक्टोपसकाका, बाहेर या ना. तोटी फिरवा ना.
पाणी काही अडेना,
चाक काही थांबेना,
चुंबक डबी देईना,
मला लाडू मिळेना!"

"नाही येत जा!"

"का बरं?"

"काचेवर कुणीतरी वाजवतंय. टकटक, टकटक! मला भीती वाटते. टकटक थांबली, तर येईन."

टिचकीनं वळून पाहिलं. काचेपाशी एक छोटी मुलगी. तिचं नाव बकुळ. टाचा उंच करून ती काच वाजवत होती. टकटक, टकटक!

"बकुळताई, बकुळताई, टकटक सोड ना.
ऑक्टोपस बाहेर येईना,
पाणी काही अडेना,
चाक काही थांबेना,
चुंबक डबी देईना,
मला लाडू मिळेना!"

"नाही सोडत जा!"

"का बरं?"

बकुळ म्हणाली, "मी छोटी आहे. मला आतलं दिसतच नाही. आजोबांनी उचललं, तर सोडेन."

टिचकी गेली आजोबांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. बकुळचे आजोबा बाकावर बसले होते. बसल्या बसल्या झोपले होते. घुर्रर्र, फूऽऽ!

"आजोबा, आजोबा, उठा ना.
बकुळ टकटक सोडेना,
ऑक्टोपस बाहेर येईना,
पाणी काही अडेना,
चाक काही थांबेना,
चुंबक डबी देईना,
मला लाडू मिळेना!"

"घुर्रर्र, फूऽऽ!" आजोबा उठेनात.

आता? आता कुणाकडे जायचं?

टिचकी बघतच राहिली. समोर आजोबांचं पाऊल. केवढं मोठं! त्यानं चिरडलं तर?

पण तिकडे आजी उपाशी होती.

टिचकी चपलेवर चढली. डोळे गच्च मिटले. शेपटी पुढे केली. आणि आजोबांच्या अंगठ्याला... गुदूगुदू, गुदूगुदू!

"हॅ हॅ हॅ! कोण आहे रे?"

आजोबा उठले!

आजोबा उठले, बकुळला उचललं.
बकुळला दिसलं, टकटक थांबली.
टकटक थांबली, ऑक्टोपस बाहेर आला.
ऑक्टोपस आला, तोटी फिरवली. कर्रर्र!
तोटी फिरली, पाणी अडलं.
पाणी अडलं, चाक थांबलं.
चाक थांबलं, वीज गेली.
वीज गेली, चुंबकानं डबी सोडली.
टण्ण!

टिचकीनं डबी उचलली. पळाली जिन्याखाली. तुरुतुरु, तुरुतुरु!

"आली गं माझी बाय!" आजी म्हणाली.

लाडू फुटला. पहिला घास आजीला. मग आईला, मग बाबांना. मोठ्ठा तुकडा टिचकीला. कुरुमकुरुम, कुरुमकुरुम!

तिकडे बकुळ ओरडली, "आजोबा, बघा! त्यानं रंग बदलला!"

ऑक्टोपस खरंच लाल झाला होता. लाल, मग तपकिरी, मग पांढरा. बकुळनं काचेला नाक लावलं. अगदी हळू. आतून ऑक्टोपसनं एक हात लावला. तोही अगदी हळू.

लाडू गेला पोटी,
गोष्ट राहिली ओठी!